अंगण उठलं कशानं? बेसा रोडवरच्या एका गट्टूच्या अंगणाचं प्रकरण

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात काकांचा फोन आला. "अरे, अंगणातलं पाणी गेटकडे जायचं सोडून दारात येऊन राहिलं. तू एकदा येऊन पाहा."

काका म्हणजे माझ्या वडिलांचे शाळेतले सहकारी. बेसा रोडवरच्या एका लेआऊटमध्ये त्यांचं घर आहे. समोर अंगण आहे, घरापासून गेटपर्यंत वीस फूट आणि आडवं तीस फूट. एका कोपऱ्यात मोठा कडुनिंब. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांनी अंगणात गट्टू बसवून घेतले होते. कोटेशनमध्ये पेव्हर ब्लॉक लिहिलेलं असलं तरी नागपुरात त्यांना सगळे गट्टूच म्हणतात.

मी पोचलो तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. पायरीपुढे बोटभर पाणी होतं आणि त्यात निंबाची पानं तरंगत होती. घराला लागून तीन फुटांची पट्टी सपाट होती. त्यापुढे मात्र अंगण चढत गेलं होतं, आणि छताचं पाणी उतरवणारा पाईप जिथे मोकळा सोडला होता तिथे सर्वांत जास्त. दोन गट्टूंमध्ये काही जागी करंगळीभर पायरी तयार झाली होती. आदल्या दिवशी काकूंच्या चपलेचं टोक तिथेच अडकलं होतं. थोडक्यात निभावलं. पण सत्तरीच्या बाईनं आपल्याच अंगणात भिंतीला हात लावत चालावं, हे मला फार लागलं. या प्रकरणात मी दोन वर्षं अडकून राहिलो त्याचं खरं कारण तेच.

पाहता पाहता मी बोलून गेलो, "गिट्टी नीट दाबली नाही." आमच्या धंद्यात हे वाक्य तोंडात तयारच असतं. ते चुकीचं होतं. ठेकेदाराचा मिस्त्री सोबत होता. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, दाबली नसती तर खाली गेलं असतं. हे तं वर आलं ना जी."

त्याचं बरोबर होतं. दाबण कमी पडली की जमीन बसते. इथे ती उठली होती.

काम कसं केलं होतं, ते आधी सांगतो. काकांची मुलगी अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसला असते. तिच्या घरामागे असंच अंगण आहे आणि तिथल्या हिवाळ्यातही ते सपाट राहिलं. तिनं फोटो पाठवले, थरांची मापं पाठवली. त्याबरहुकूम इथे आठ इंच खोदून तळाला जिओटेक्स्टाईल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड अंथरलं. त्यावर चुरी, म्हणजे दगडाची बारीक भुकटी, नसलेली धुतलेली गिट्टी खड्डाभर घातली, मशीननं दाबली, वर इंचभर कन्हान नदीची रेती, त्यावर ६० मिलिमीटर जाडीचे गट्टू. उतार गेटकडे शंभरास एक. ठेकेदारानं सांगितलं तसं चोख काम केलं होतं. दोष मजुरीत नव्हता.

तिकडच्या कृतीमागचं कारण पाहिलं तरच इथली चूक कळते. थंड मुलखात अंगण उठतं ते जमिनीतलं पाणी गोठल्यामुळे. पाण्याचं बर्फ झालं की आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं, हे आपण शाळेत शिकतो. पण तेवढ्यानं जमीन इतकी उचलली जात नाही. अमेरिकेतल्या स्टीफन टेबर या भूवैज्ञानिकानं १९२९-३० च्या सुमाराला हे प्रयोगानं दाखवलं. त्यानं मातीत पाण्याऐवजी बेंझिन वापरलं. बेंझिन गोठताना आकसतं, तरीही माती उचलली गेली. म्हणजे उचल होते ती वरून गोठत येणाऱ्या थराकडे खालचा द्रव ओढला जातो म्हणून. दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं बारीक मातीतून पाणी वर चढतं, गोठणीच्या रेषेपाशी बर्फाचे आडवे पापुद्रे जाडावत जातात आणि वरचं सगळं उचलून धरतात. वसंतात ते वितळले की जमीन चिखलासारखी होऊन बसते.

यासाठी गोठवणारी थंडी, पाणी आणि पाणी चढवणारी बारीक माती ही तिन्ही लागतात. मिनेसोटाच्या नियमांप्रमाणे इमारतीचा पाया दक्षिण भागात ४२ इंच आणि उत्तरेत ६० इंच खाली न्यावा लागतो, इतकी खोल जमीन तिथे गोठू शकते. अंगणासाठी एवढं कोणी खोदत नाही. मग थंडी आणि माती जागेवर ठेवून ते पाणी काढतात. गट्टूखाली स्वच्छ, मधे पोकळ्या राहणारी गिट्टी घातली की पाणी वर चढत नाही. वरून आलेलं पाणी थांबत नाही, कारण खाली त्याला वाट ठेवलेली असते. मुलीच्या अंगणातही गिट्टीच्या तळाशी छिद्रांचा पाईप होता आणि तो बागेच्या उतारावर उघडत होता. फोटोत तो दिसत नव्हता. तिला त्याचं महत्त्व वाटलं नाही, आणि इकडे कोणी विचारलं नाही.

नागपुरात जमीन गोठत नाही. २९ डिसेंबर २०१८ ला इथला पारा ३.५ अंशांवर उतरला होता. त्या पहाटेची हुडहुडी अजून सगळ्यांच्या लक्षात आहे, पण तेव्हाही जमिनीतलं पाणी पाणीच राहिलं. आपल्या जमिनीचा स्वभाव वेगळा आहे. बेसा-मनीषनगरच्या या पट्ट्यात परवापरवापर्यंत शेतं होती, आणि काकांच्या प्लॉटखाली कपाशीची काळी माती आहे. तिच्यात मॉन्टमोरिलोनाईट नावाचं खनिज असतं. त्याच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की ते फुगतं, सुकलं की आकसतं. मेमध्ये शेताच्या भेगेत काठी घातली तर अर्धी आत जाते आणि जुलैत तीच भेग शोधून सापडत नाही, हे विदर्भातल्या कुठल्याही शेतकऱ्याला माहीत आहे. आपल्याकडे हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत. मग उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. मातीला फुगायला आणि आकसायला याहून टोकाचं हवामान नको.

काकांचा विश्वास बसावा म्हणून मी त्यांच्याच ओट्यावर एक परीक्षा केली. ती भारतीय मानकात आहे, आयएस २७२० च्या ४० व्या भागात, आणि तिला प्रयोगशाळेचा थाट लागत नाही. अंगणाखालची माती वाळवून कुटली, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीनं चाळली, दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग केले. शंभर मिलिलिटरचे दोन काचेचे मापी नळे घेतले. एकात माती आणि रॉकेल, दुसऱ्यात माती आणि शुद्ध पाणी. काचेच्या काडीनं ढवळून आतली हवा जाऊ दिली आणि चोवीस तास हात लावला नाही. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही, म्हणून ती तुलनेला घ्यायची.

दुसऱ्या दिवशी काका चष्मा लावून नळ्यांसमोर बसले. रॉकेलमधली माती १२ वर थांबली होती. पाण्यातली वर वर येत २१ ला पोचली होती, मऊ, साय धरल्यासारखी. नऊचा फरक भागिले बारा, म्हणजे ७५ टक्के. ५० च्या वर गेली की ती अतिफुगीर धरतात. शेजारी मी मुरमाचीही जोडी लावली होती. तिच्या दोन नळ्यांत अर्ध्या मिलिलिटरचाही फरक नव्हता. काकू म्हणाल्या, "म्हणजे आपण या फुगणाऱ्या मातीवर बसलो आहोत?" मी हो म्हटलं.

त्यानंतर मी काकांना एक वर्ष काहीच करू नका म्हणालो. त्यांना ते आवडलं नाही. पावसाळा संपताच उकरून नवीन करावं, असं त्यांच्या मनात होतं. पण काळ्या मातीचं दुखणं एका ऋतूत अर्धंच दिसतं. तात्पुरता इलाज म्हणून करंगळीभर पायऱ्या झालेले तीसेक गट्टू काढून, खालची रेती सारखी करून परत बसवले. पोर्चच्या कॉलमवर एक पक्की खूण केली, कारण कॉलमचा पाया खोल जातो. अंगणात बारा जागी रंगाचे ठिपके दिले. दर महिन्याच्या एक तारखेला मी आणि काका लेव्हल पाईप घेऊन ते ठिपके मोजायचो. पारदर्शक पाईप, आत पाणी, एक टोक कॉलमपाशी आणि एक ठिपक्यावर. मार्चची पातळी मिस्त्रीच्या वहीत होती, तो शून्य धरला.

ऑक्टोबरच्या शेवटी एक चौरस उघडून पाहिला. पाऊस जाऊन तीन आठवडे झाले होते. गट्टू निघाले, रेती शाबूत, गिट्टी इतकी घट्ट की सब्बल लागली. आठ इंचांवर सब्बलीचं टोक ओलं आलं. हात घातला तर गिट्टीच्या तळाशी चार बोटं पाणी होतं, गढूळ, शेवाळाच्या वासाचं. कापड उचललं तर खालची माती लोण्यासारखी. हिशेब सोपा आहे. सुमारे ५६ चौरस मीटर अंगण, आठ इंचांची गिट्टी, त्यात चाळीस टक्के पोकळी. साडेचार हजार लिटर पाणी मावतं. भोवती काळी माती, जिच्यातून पाणी जवळजवळ पाझरत नाही, आणि बाहेर जायची वाट नाही. आम्ही अंगणाखाली एक हौद बांधला होता आणि पावसाळाभर तो तळातल्या मातीला पाणी पाजत होता. मिनियापोलिसमध्ये जी पोकळी अंगण वाचवते तिनंच इथे ते उचललं.

घराला लागून तीन फुटांची पट्टी का हलली नाही, तेही त्याच दिवशी कळलं. तिथे उघडल्यावर काळी माती लागलीच नाही. घर बांधताना पायाचा खड्डा मुरमानं भरला होता. त्या पट्टीवरही तेच गट्टू, तीच गिट्टी, तोच पाऊस, पण ती जेमतेम दोन मिलिमीटर हलली. खाली फुगणारं काही नव्हतं. पुढचा सगळा इलाज मला या पट्टीनं दाखवला.

वर्षाच्या मोजणीत दोन टोकं दिसली. ऑगस्टमध्ये छताच्या पाईपपाशी मार्चपेक्षा ४६ मिलिमीटर वर, मध्यभागी ३०, गेटच्या कडेला २२. मूळ उतारानं मध्य दारापेक्षा ३० मिलिमीटर खाली होता. त्याच रेषेत ४६ ची उंची आडवी आली म्हणून पाणी दारातच अडलं. मेमध्ये चित्र उलटं. गेटची कड शून्याच्या २४ खाली, कडुनिंबाचा कोपरा ३८ खाली. झाड उन्हाळाभर तिथून पाणी ओढतं आणि माती आकसते. फक्त एक ठिपका मेमध्ये वर होता, २० मिलिमीटर. तिथे कूलर होता. झोपायच्या खोलीच्या खिडकीला लावलेला, टाकी भरताना रोज ओसंडणारा, खाली ठिबकत राहणारा. सगळं अंगण तहानलेलं असताना एवढी एक जागा ओली राहायची. वर ४६ काय आणि वर २० काय, मातीला पाणी कुठून आलं ते कळत नाही. एका जागी ओल आणि शेजारी कोरड झाली की अंगण वाकडं होतं.

माझं या प्रकरणातलं म्हणणं एवढंच आहे. थंड मुलूख असो की काळी माती, अंगण हलतं ते खालच्या पाण्यामुळे. पण तिकडे पाणी काढून टाकायचं असतं आणि इथे मातीतली ओल बारा महिने सारखी ठेवायची असते. म्हणून तिकडची कृती इकडे जशीच्या तशी चालत नाही.

काम नोव्हेंबरमध्ये धरलं. आपल्याकडे अशी कामं मार्च-एप्रिलमध्ये करायची पद्धत आहे, चिखल नसतो म्हणून. काळ्या मातीवर मला ते पटत नाही. तेव्हा माती पूर्ण आकसलेली असते, म्हणजे पुढे तिला फुगायलाच जागा उरते. नोव्हेंबरात ती मधल्या ओलीवर असते.

गट्टू सगळे निघाले, फुटले मोजून अकरा. हा गट्टूंचा मोठा गुण. कोटा फरशी किंवा कोबा असता तर सगळंच भंगारात गेलं असतं. गिट्टी काढून बाजूला रचली. मग एकूण अडीच फुटांच्या आतबाहेर खोदलं, पण एकदम सगळं नाही. एक पट्टा खोदायचा आणि त्याच दिवशी झाकायचा, उघडी माती उन्हात सुकू द्यायची नाही. तळाच्या सहा इंच मातीत विरवलेल्या चुन्याची पूड मिसळली, वजनानं चार टक्के, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ९ किलो. चुन्यातलं कॅल्शियम मातीच्या कणांना धरतं, तिचा चिकटपणा आणि फुगीरपणा उतरतो. तासाभरात ती चिकट काळी माती फावड्याला न चिकटता भुसभुशीत सुटते, ते पाहण्यासारखं असतं. मजुरांना हातमोजे आणि चष्मे दिले, चुना डोळ्यांत गेला तर फार वाईट.

त्यावर दीड फूट मुरूम. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण थोड्या चिकट मातीचा जाड थर दिला की खालची फुगण दबते, यावर आयआयटी मुंबईत प्रा. आर. के. कट्टी यांनी मोठं काम केलं आहे. कालव्यांच्या कामात ही पद्धत आपल्या देशात रुळली. तिथे मीटरभर थर देतात. अंगणाला मी मुरूम आणि वरचा पाया मिळून दोन फूट धरले, कारण घरालगत त्याहून खोल खोदायची माझी तयारी नव्हती. मुरूम सहा-सहा इंच पसरून रॅमरनं ठोकून दाबला. ओल ओळखायची जुनी रीत वापरली. मुठीत दाबला की गोळा व्हावा, कमरेइतक्या उंचीवरून टाकला की फुटावा. फुटला नाही तर पाणी जास्त, गोळाच झाला नाही तर कमी.

मुरमावर सहा इंच गिट्टी, पण आता चुरी मिसळून. पोकळ्या भरल्या की पाणी साठायला जागा उरत नाही. वर ३० मिलिमीटर रेती, मग गट्टू. उतार साठास एक केला, म्हणजे वीस फुटांत सुमारे १०० मिलिमीटर. पाणी वरच्यावर निघून जायला हवं, खाली मुरायला नको. सांध्यांत बारीक कोरडी रेती भरून मशीन फिरवली आणि महिन्याभरानं परत भरली. सांधे रिकामे राहिले तर सगळी मेहनत वाया जाते, आणि लोक नेमकी हीच पायरी विसरतात.

छताचा पाईप चेंबरला जोडून नालीत सोडला. कूलरच्या खाली ट्रे बसवला आणि त्याचं पाणी नळीनं तुळशीच्या वाफ्यात नेलं. गेटच्या कडेला तीन फूट खोल अरुंद चर काढून त्यात जाड प्लास्टिकचा पडदा उभा केला, म्हणजे कडेची माती सुकली तरी आतली लगेच सुकत नाही.

कडुनिंबावरून मात्र दोन दिवस बोलणं चाललं. ठेकेदार म्हणाला, झाड काढा, किटकिट संपेल. काका गप्प राहिले. तो निंब त्यांच्या वडिलांनी लावलेला. काकू म्हणाल्या, "झाड राहील. अंगण थोडं लहान करा." तसंच केलं. खोडापासून पाच फुटांचा भाग अंगणातून सोडून दिला, तिथे मातीचं मोकळं आळं केलं. पडदा खोडापासून आठ फुटांवरून फिरवला. अंगठ्याहून जाड मुळं लागली तिथे चर वळवला, मूळ तोडलं नाही. आता झाडाचं पाणी आळ्यात पडतं आणि मुळं तिकडेच पितात. कोपरा गेला, पण उन्हाळ्यात काकांची खुर्ची त्याच आळ्याच्या काठावर असते.

काम संपल्यावर मुलीचा फोन आला होता. तिच्या शेजाऱ्यांचं अंगण दर वसंतात वाकडं होतं, तिथेही असा चिकट मुरूम घातला तर चालेल का, असं तिनं विचारलं. मी नको म्हटलं. माती-अभियांत्रिकीतले तज्ज्ञ आर्थर कॅसाग्रांडे यांनी १९३१ साली मांडलेला ठोकताळा आजही वापरतात. मातीत ०.०२ मिलिमीटरपेक्षा बारीक कण ३ टक्क्यांहून जास्त असले की बर्फाची उचल संभवते. आपल्या मुरमात तेवढी माती सहज असते. तो तिथे वातीचं काम करेल.

पुढच्या ऑगस्टमध्ये पुन्हा लेव्हल पाईप लावला. छताच्या पाईपपाशी आधी ४६ होते, तिथे ९ मिलिमीटर. मध्यभागी ६. मेमध्ये नव्या कडेला, आळ्याजवळ, शून्याखाली ८. कूलरपाशी ३. पाणी एकदाही दारात आलं नाही.

एक जागा चुकली. जमिनीखालच्या टाकीकडे जाणाऱ्या नळासाठी नंतर खोदलेला चर प्लंबरनं पायानं दाबून बुजवला होता आणि मी त्या दिवशी साइटवर नव्हतो. ती पट्टी १५ मिलिमीटर बसली. ही मात्र खरोखर दाबण कमी पडल्याची गोष्ट. मागच्या रविवारी तिथले चौदा गट्टू काढले, मुरूम दोन थरांत रॅमरनं दाबला आणि परत बसवले. काकूंनी तोवर सुपारीच्या डब्यात सांध्यांसाठी रेती चाळून ठेवली होती.